पाणघोडा विकणे आहे

मचाकोसच्या स्टँडवर नैरोबीहून येणारी पार्सलं उतरवून घेतात, त्या खिडकीत मी बसते. कुणाचे गाडीचे सुटे भाग येतात, कुणाची औषधं, कुणाचे लग्नाचे कपडे. म्झे न्देटींची खेळणी यायची.

म्झे न्देटी म्हणजे सत्तरीकडे झुकलेला उंच, वाळका माणूस. म्झे हे काही त्यांचं नाव नव्हे, वडीलधाऱ्याला आमच्याकडे तशीच हाक मारतात. उभी हयात त्यांनी याच स्टँडवरच्या मटाटूंच्या, म्हणजे छोट्या प्रवासी गाड्यांच्या, दारात लोंबकळून 'नैरोबी, नैरोबी' असा पुकारा केला. कंडक्टरकी सोडून बरीच वर्षं झाली, पण आवाजाची पट्टी काही खाली आली नाही. बायको वारलेली. एकुलती मुलगी सोम्बुआ आखातात एका घरी कामाला गेली आणि जाताना आपली सहा वर्षांची काटुंगे बापाच्या पदरात टाकून गेली.

सोम्बुआ दर महिन्याला पैसे पाठवायची. त्यांना म्झे हात लावायचे नाहीत. ते शाळेचे, आणि उरतील ते सोम्बुआ परत आल्यावर तिच्या घराचे. खेळण्यांचा खर्च कोंबड्यांनी करायचा, असा त्यांचा कायदा. अंडी विकून जे सुटेल ते काटुंगेचं. आता अंड्यांच्या पैशात दुकानातलं चांगलं खेळणं कुठून येणार? एकदा बाजारातून नवी कोरी स्वस्तातली मोटार आणली, तर संध्याकाळपर्यंत तिची चाकं चार दिशांना गेली. ती मोटार हातात घेऊन ते माझ्या खिडकीशी आले.

"कालोंदू, हे बघ. याला खेळणं म्हणतात? खेळण्याचा नुसता देखावा आहे हा!"

तेव्हा मीच त्यांना तो ग्रुप दाखवला. नैरोबीतल्या आया मुलांची वापरलेली खेळणी तिथे विकतात. फोटो टाकायचा, किंमत सांगायची, पैसे फोनवरून, वस्तू मटाटूने. म्झेंना बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून ते बोलूनच निरोप पाठवायचे. आणि बोलायचे कसे, तर धावत्या गाडीच्या दारातून बोलावं तसे.

"ओ ताई, गुलाबी फ्रॉकवाली बाहुली तुमचीच ना? तिचा एक डोळा मिटलेला दिसतोय. एका डोळ्याला दोन डोळ्यांचा भाव कसा लावता?"

"आजोबा, ती झोपेची बाहुली आहे. आडवी केली की डोळे मिटते."

"मग फोटोत ती उभी आहे आणि एकच डोळा का मिटलाय?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. "तो अडकलाय."

"म्हणजे अर्ध्यात!"

त्या बायका त्यांच्यावर चिडायच्या नाहीत. उलट म्झेंचा निरोप आला की घरातल्यांना गोळा करून ऐकवायच्या, असं एकीने मला सांगितलं. कुणी भावात सूट द्यायची, कुणी पार्सलमध्ये वरून एखादा चेंडू टाकायची. खेळणं घरी आलं की म्झे ते साबणाने खसाखसा धुवायचे, कुंपणावर वाळत घालायचे, सुटलेलं शिवायचे, मोडलेलं तारेने बांधायचे. काटुंगे पालथ्या बादलीवर बसून वाट बघायची. "वाळलं का आजोबा?" "नाही." "आता?" "अगं, सूर्य माझ्या बापाचा आहे का?"

एप्रिलच्या सुट्टीत एका दुपारी दोघं जेवत असताना ग्रुपवर एक फोटो आला. सोफ्यावर बसलेला जांभळा पाणघोडा. कापडी, शेळीएवढा मोठा, तोंड उघडं आणि त्यात खाली दोन पांढरे दात. सोबत लिहिलं होतं, पाणघोडा विकणे आहे, दीड हजार शिलिंग, घर बदलतोय म्हणून.

काटुंगेचा घास हातातच राहिला. "आजोबा, तो माझ्याकडे बघतोय."

"तो सगळ्यांकडेच बघतोय. फोटो आहे तो."

"नाही. माझ्याचकडे."

म्झेंनी मका-घेवड्याची ताटली बाजूला सारली, घसा साफ केला आणि फोन तोंडाशी धरला.

"ओ पाणघोडावाल्या ताई! मचाकोसहून न्देटी बोलतोय. तुमचं जनावर बघितलं. पोट सैल पडलंय त्याचं. आतला कापूस गेलाय, मला इथून दिसतंय. आणि तोंड मिटत नाही. एवढा आ वासून माझ्या घरी आला तर सगळं घर खाऊन टाकेल. याला तीनशेच्या वर कोणी एक शिलिंग देणार नाही."

"आजोबा, पोट चांगलं घट्ट आहे हो. बाराशे द्या," त्या बाईचा आवाज दमलेला होता.

शेवटी नऊशेवर सौदा ठरला. म्झेंनी मला नंतर सांगितलं, "मजा नाही आली, कालोंदू. ती बाई ओढाताणच करत नव्हती. समोरचा दोरी सोडून देतो तेव्हा आपणच मागे पडतो, तसं झालं."

पाणघोडा आला तो शाळा उघडायच्या आदल्या दिवशी. आणि आला तो खिडकीच्या सीटवर बसून. मुलवा नावाचा कंडक्टर त्याला काखेत धरून माझ्या खिडकीशी घेऊन आला. पाठोपाठ म्झे आणि काटुंगे धावतच आले.

"म्झे, भाडं टाका," मुलवा म्हणाला.

"पार्सलचे पैसे भरलेत."

"पार्सल मांडीवर बसतं. हा कुणाच्या मांडीवर बसणार? नैरोबीपासून सीट अडवून बाहेरची हवा खात आलाय. हा प्रवासी आहे."

"मुलवा, तुला दारात उभं राहायला कोणी शिकवलं? मी. तेव्हा एका म्हातारीची जिवंत बकरी तू टपावर चढवून फुकट नेली होतीस. विसरलास?"

"बकरीने सीट मागितली नव्हती!"

सगळा स्टँड जमा झाला. कुणी म्हणालं पूर्ण तिकीट घ्या, कुणी म्हणालं जनावराला तिकीट नसतं. काटुंगेला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिने पाणघोड्याच्या पोटात तोंड खुपसलं होतं. तिच्याकडे बघून मुलवा जरा नरमला आणि लहान मुलाच्या अर्ध्या तिकिटावर मिटवलं. मग म्झेंनी पाणघोडा डोक्यावर घेतला आणि काटुंगे मागून त्याची शेपटी धरून चालू लागली. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

तिने त्याचं नाव ठेवलं हेडमास्तर. का, तर त्यांच्या शाळेच्या हेडमास्तरांचंही पोट आधी वर्गात येतं आणि ते नंतर येतात.

सोम्बुआ गेल्यापासून काटुंगे शाळेतलं काही घरी सांगत नसे. काय झालं शाळेत? काही नाही. कोण भांडलं? कोणी नाही. म्झेंना त्याची फार काळजी वाटायची, पण बाईमाणसासारखं पोरीला बोलतं कसं करावं ते त्यांना जमायचं नाही. आता ती शाळेतून आली की दप्तर टाकून हेडमास्तरच्या पोटावर आडवी व्हायची आणि त्याला सगळं सांगायची. कोणाची पेन्सिल हरवली, कोणी हिला 'आई नसलेली' म्हटलं, कोणाला हिने ढकललं. म्झे दाराबाहेर कोंबड्यांचे दाणे निवडत बसायचे आणि कान देऊन ऐकायचे. "नऊशेत मला नात परत मिळाली," ते एकदा मला म्हणाले.

असे काही आठवडे गेले. मग एका संध्याकाळी त्या पाणघोडावाल्या बाईच्या नंबरवरून निरोप आला. पण आवाज लहान मुलीचा होता.

"नमस्कार. मी आयुमा. तुम्ही जोरात बोलणारे आजोबा ना? आमची सुझाना तुमच्याकडे आहे. ती विकायची नव्हती. मी आजीकडे गावी गेले होते तेव्हा आईने विकली. ती परत पाठवून द्या."

म्झेंनी निरोप पाठवला, "पोरी, माझ्याकडे सुझाना कोणी नाही. कोंबड्या आहेत, एक नात आहे आणि एक हेडमास्तर आहे."

"जांभळी. पाणघोडी. ती बाई आहे, हेडमास्तर नाही. मी तुम्हाला पैसे देते. माझ्याकडे एकशे चाळीस आहेत."

"अगं, मी नऊशे दिलेत तुझ्या आईला!"

"पण तुम्हीच म्हणालात ना, तिचं पोट सैल पडलंय, कापूस गेलाय, तोंड मिटत नाही? आईच्या फोनवर मी ऐकलंय. मग एवढ्या खराब पाणघोडीचे एकशे चाळीस पुष्कळ झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्झे फोन घेऊन माझ्याकडे आले आणि मला ते सगळं ऐकवलं. "जन्मभर लोकांशी हुज्जत घातली मी, कालोंदू. माझंच बोलणं माझ्या तोंडावर असं कोणी मारलं नव्हतं." ते हसत होते, पण फोन काही खिशात ठेवत नव्हते. पुन्हा पुन्हा तो आवाज लावून ऐकत होते.

तेवढ्यात त्या मुलीच्या आईचाच फोन आला. तिने पोरीचे निरोप नुकतेच बघितले होते आणि लाजेने तिला बोलवत नव्हतं. "आजोबा, माफ करा. पोरीच्या नादी लागू नका. विकलं ते विकलं. हिच्या वडिलांचा कारखाना बंद पडला, मोठं घर परवडेना, एका खोलीत आलोय. तिथे तो पाणघोडा ठेवणार कुठे? आणि तुमचे पैसे तर सामान वाहणाऱ्या ट्रकलाच गेले."

"पोरीला सांगितलं नव्हतंत?"

"आल्यावर सांगू म्हटलं. सांगायला तोंडच उघडेना."

म्झेंनी घरी जाऊन काटुंगेला समोर बसवलं आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती एक मुलगी आहे, तिचा होता तो, ती रडते. काटुंगेने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी आई पण मला न विचारता गेली. मी त्या आखातातल्या बाईंना फोन करून आई परत मागितली का?"

म्झे उठून कोंबड्यांकडे गेले. मला हे सांगताना ते खिडकीच्या कठड्यावर नुसती बोटं फिरवत होते. "तिला वाटतं, ती बाई सोम्बुआला विकत घेऊन गेलीय. इतके महिने हे पोरीच्या मनात होतं आणि मी आपला खेळणी धूत बसलोय."

त्यांनी काटुंगेवर जबरदस्ती केली नाही. त्याऐवजी ग्रुपवर सगळी हकीकत सांगितली आणि आयुमासाठी दुसरं काही आहे का, असं विचारलं. बायकांनी लगेच फोटोंचा ढीग घातला. कुणी जिराफ फुकट द्यायला निघाली, कुणी अस्वल, कुणी शेपूट तुटलेली मगर. म्झेंनी एकेक आयुमाला कळवलं. आयुमाचं प्रत्येकाला एकच उत्तर. "मगर छान आहे. पण ती सुझाना नाही."

रविवारी सोम्बुआचा फोन आला तेव्हा म्झेंनी तिला काटुंगेचं ते वाक्य सांगितलं. मग ती म्हणाली, "तिला द्या फोन." म्झेंनी दिला आणि तिथेच उभे राहिले.

"काटू, तू झोपली होतीस म्हणून मी तशीच गेले. तुला उठवलं असतं तर माझा पाय निघाला नसता. पण ते चुकलं. पुढच्या वेळी तुला विचारीन."

"पुढच्या वेळी जाऊच नको."

"बरं. आता करार संपला की नाही जाणार."

"त्या घरात खेळणी आहेत का?"

"खूप आहेत. पण पाणघोडा नाही."

काटुंगे यावर खूश झाली, असं म्झे म्हणाले. आईकडे तिथे पाणघोडा नाही हे तिला फार बरं वाटलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी काटुंगेने स्वतःच आजोबांचा फोन उचलला आणि आयुमाला निरोप पाठवला. "मी काटुंगे. हेडमास्तरच्या पोटाखाली काळ्या दोऱ्याचे टाके आहेत ते कशाचे?"

उत्तर लगेच आलं. "ऑपरेशन झालंय तिचं. आत काय आहे ते बघायला मी कात्रीने उघडलं होतं. मग आईने शिवलं."

"काय होतं आत?"

"कापूस. नुसता कापूस."

"मला वाटलंच होतं."

मग रोजच सुरू झालं. याला पावसाची भीती वाटते का? नाही, ती पाण्यातली आहे. हा चहा पितो का? दूध जास्त घातलं तर. म्झेंना स्वतःच्या फोनवर ताबा मिळेना. कोणी खेळणं विकायला काढलं तर त्यांना कळायच्या आत ते दुसऱ्याने नेलेलं असायचं. ते माझ्याकडे येऊन तक्रार करायचे आणि तक्रार करताना खुलून गेलेले असायचे.

मग एक दिवस काटुंगेने आपला निर्णय सांगितला. "हेडमास्तर तिच्याकडे जाऊ शकतो. कायमचा नाही. आठवडाभर राहायला."

रविवारी मला सुट्टी होती. म्झे म्हणाले, "तू चल. नैरोबीच्या त्या पाइपलाइन भागातल्या इमारती मला सगळ्या सारख्याच दिसतात." म्हणून मी, म्झे, काटुंगे आणि पाणघोडा असे निघालो. म्झेंनी एका ट्रेमध्ये अंडी घेतली होती आणि ती कुणाच्या हातात द्यायला ते तयार नव्हते.

पाइपलाइनला इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या गल्लीत दुपारीही दिवा लावावा. आयुमाचं घर पाचव्या मजल्यावर. जिना अरुंद. म्झे अंडी सांभाळत पुढे, मी पाणघोडा छातीशी धरून मधे आणि काटुंगे शेपटी धरून मागे. प्रत्येक मजल्यावर धुणं वाळत घालणाऱ्या बायका. "अगं बाई, हे कोण भाडेकरू आले?" "आजोबा, याला पाणी कुठून पुरवणार? नळाला दोन दिवसांत थेंब नाही!" म्झे प्रत्येकीला उत्तर देत होते आणि वर चढता चढता त्यांचा श्वास फुलला होता.

आयुमा दारातच उभी होती. सात-आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, केसांच्या बारीक वेण्या. तिने आमच्यापैकी कोणाकडेच बघितलं नाही. पाणघोड्याला मिठी मारली आणि त्याच्या मानेत नाक खुपसलं. मग डोकं वर करून म्हणाली, "साबणाचा वास येतोय."

"आजोबांनी धुतला," काटुंगे म्हणाली.

"आधी आमच्या घराचा यायचा."

पाणघोडा दारातून आत जाईना. आधी तोंड घातलं तर पोट अडकलं. मग तिरका केला. शेवटी आयुमाच्या आईने आतून ओढला, मी बाहेरून ढकलला आणि तो एकदम सुटून आत पडला. आत पडला तो थेट पलंगावर, कारण दुसरीकडे पडायला जागाच नव्हती. एक पलंग, त्याखाली गुंडाळलेली गादी, कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याचे दोन पिंप, खिळ्यांना टांगलेले कपडे आणि एक उंच कपाट. आयुमाचे वडील काम शोधायला लांब किटाले शहराकडे गेले होते. आम्ही आत शिरलो आणि दार लावायचं झालं तर कोणीतरी पलंगावर बसायला हवं, अशी गत.

आयुमाची आई ठेंगणी, मोकळ्या हसण्याची बाई होती, पण त्या दिवशी ती हसत नव्हती. ती सारखं काहीतरी पुसत होती.

"सुझाना कपाटावर राहील," आयुमाने जाहीर केलं. ती सगळं ठरवून बसली होती.

म्झेंनी पाणघोडा कपाटावर चढवला. त्याचं डोकं छताच्या दिव्याला टेकलं. "भाजेल तो," काटुंगे ओरडली. मग पिंपांवर ठेवून बघितला, तर पाणी काढायला दर वेळी त्याला उचलायला लागणार. म्झे म्हणाले, दोरीने छताला टांगू. दोघी पोरींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प बसले.

"स्टोव्ह बाहेर ठेवा," काटुंगेने सुचवलं.

"बाहेर ठेवला तर उद्या दिसणार नाही, बाळा," आयुमाची आई म्हणाली. "आणि आत ठेवला तर ठिणगीची भीती. कापूस आहे ना तो."

"माझ्या गादीवर ठेवू," आयुमा म्हणाली. तिने पलंगाखालून गादी ओढून पसरली आणि जमीन संपली. ती गादीवर आडवी झाली, पाणघोड्याला शेजारी ओढलं आणि स्वतः भिंतीला इतकी चिकटली की नाक दाबलं गेलं. आम्ही सगळे बघत उभे होतो, आणि उभे होतो तेही पलंगावर. तिची आई खिडकीकडे तोंड करून चहाचे कप पुसत राहिली.

थोड्या वेळाने आयुमा उठली. तिने पाणघोड्याला तिरकं करून ओढत बाहेर व्हरांड्यात नेलं आणि त्याच्यापाशी बसली. काटुंगे तिच्यामागे गेली, पण जरा लांब उभी राहिली. दारातून मला दोघी दिसत होत्या. मग आयुमा म्हणाली, "तिला पालथं झोपवायचं. उताणं झोपवलं की ती घोरते."

काटुंगेने मान हलवली.

"आणि दात ओढायचे नाहीत. ते आधीच एकदा चिकटवलेत."

"नाही ओढणार."

"आणि ती बाई आहे."

काटुंगेने यावर विचार केला. "मग हेडमास्तरीण?"

"सुझाना हेडमास्तरीण," आयुमाने दुरुस्त केलं. आणि मग ती रडली. मोठ्याने नाही, पाणघोडीच्या मानेत तोंड घालून. काटुंगे तिच्या शेजारी खाली बसली. तिने काही समजूत घातली नाही. नुसती शेपटी उचलून आयुमाच्या हातात दिली आणि स्वतः एक कान धरून बसली.

आत चहा झाला होता. गरम चपात्या आणि मुगाची उसळ पुढे आली. म्झेंनी अंड्यांचा ट्रे आयुमाच्या आईसमोर ठेवला.

"हे कशाला, आजोबा?"

"हे त्या पोटाचे. पोट चांगलं घट्ट होतं. मी भाव पाडायला काहीबाही बोललो. तुमचं घर मोडतंय हे माहीत असतं तर पूर्ण दीड हजार दिले असते."

तेव्हा ती बाई पहिल्यांदा हसली. "माहीत असतं तर तुम्ही घेतलंच नसतं. आणि ट्रकवाला दारात उभा होता. बरं झालं माहीत नव्हतं ते." मग तिने ट्रे उचलून जपून कपाटात ठेवला. "पण अंडी ठेवून घेते. तुमचा आवाज ऐकून पोट धरून हसायचे मी, तो पाणघोडा विकायला काढायच्या आधी. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही."

म्झेंनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऑगस्टच्या सुट्टीत पोरीला माझ्याकडे पाठवा. इकडे मटाटूत बसवून द्या, तिकडे कालोंदू खिडकीवर उतरवून घेईल."

"मी काय पार्सल आहे?" व्हरांड्यातून आयुमा ओरडली.

"पार्सलच! चिठ्ठी चिकटवून पाठवा हिला!"

खालच्या मजल्यावरून कुणीतरी हसलं. आयुमाही हसली, नाक पुसत. आईने मात्र लगेच होकार दिला नाही. "बघू," म्हणाली. मला वाटलं, ती काही पाठवणार नाही. परक्याच्या घरी कोण कशाला पाठवेल? पण त्यानंतर तिचे आणि म्झेंचे रोज निरोप सुरू झाले, पोरी काय खातात, काय नाही, याचे. तिच्या नवऱ्याला किटालेत एका गोदामात काम मिळालं आणि त्याला भेटून यायला तिला दोन आठवडे हवे होते. तेव्हा तिनेच विचारलं, "आजोबा, ते पार्सलचं खरंच म्हणत होतात ना?"

ऑगस्टमध्ये आयुमा आली. मी तिला गाडीतून उतरवून घेतलं. पाठीला छोटी पिशवी, हातात आईने दिलेला केळ्यांचा घड. म्झे नवा शर्ट घालून तासभर आधीच येऊन उभे होते. दोघी पोरी समोरासमोर आल्या आणि लाजून गप्प झाल्या. फोनवर एवढ्या बडबडणाऱ्या त्या दोघी घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. म्झे घाबरले. "कालोंदू, जमणार ना यांचं?" त्यांनी मला हळूच विचारलं. त्यांना हळू बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दोन दिवसांनी काम संपवून मी त्यांच्या घरी डोकावले. सुझाना हेडमास्तरीण आतल्या खाटेवर पालथी होती आणि म्झे तिच्या पोटाला टेकून रेडिओवर बातम्या ऐकत होते. पोरी कुठे आहेत विचारलं तर त्यांनी हात वर केला. मागच्या पेरूच्या झाडावरून कुजबुज आणि खिदळणं येत होतं. पानांतून चार पाय लोंबत होते.

"ताई, खाली थांबा! कपडा पसरा!" आयुमाचा आवाज आला.

"पिकलेलेच टाकू का, कच्चे पण?" काटुंगेने विचारलं.

मी कमरेचं फडकं सोडून दोन्ही हातांनी पसरलं आणि झाडाखाली उभी राहिले.